माळाची गाडी, मैदानाची गाडी

प्रस्तावना

डांबरी रस्ता सोडून गाडी मातीत घालण्याचं मराठवाड्याला नवल नाही. पांदणीतून शेताकडे, शेतातून शिवेवर, शिवेवरून पलीकडच्या गावाला हा प्रवास इथल्या दोन पिढ्यांनी राजदूतवर आणि बजाजच्या एम-८० वर केला. मागे दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, पुढे टाकीवर बसवलेलं पोरगं आणि खाली घोट्याएवढा फुफाटा. गाडी निवडायचा प्रश्नच नव्हता. जी मिळाली ती मातीत चालवायची, बंद पडली तर ढकलत आणायची.

आता निवडीचा प्रश्न उभा राहिला आहे, आणि विष्णुपुरीत तो जरा जास्तच उभा राहतो. श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था इथे १९८१ पासून आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून, आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता इथेच आहे. त्यामुळे गोदाकाठच्या या गावात गाडीची हौस असलेले, इंजिन खोलून बघण्याची तयारी असलेले आणि मोडलेलं हाड कसं जोडतात हे शिकणारे असे तिघेही एकाच टपरीवर चहा पितात. तिथला ठरलेला वाद हा की मातीत चालवायला ट्रेल घ्यावी की मोटोक्रॉस? मोबाइलवर पाहिलेल्या उड्या मोटोक्रॉसच्या बाजूने बोलतात, घरचं बजेट ट्रेलच्या बाजूने.

ही पुस्तिका त्या वादासाठी आहे. निकाल शेवटी सांगायची रीत असली तरी वाचकाचे पैसे खर्च होण्याआधीच तो सांगून टाकतो. नांदेड-लातूरच्या जमिनीवर फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ट्रेल गाडी घ्यावी. मोटोक्रॉसची गाडी त्यानेच घ्यावी ज्याच्याजवळ चालवायला बंदिस्त मैदान आहे, तिथवर गाडी वाहून नेण्याची सोय आहे आणि ज्याला खरोखर शर्यतीत उतरायचं आहे. या निकालाची कारणं म्हणजे पुढचं सगळं लिखाण.

दुरून पाहिलं तर दोन्ही गाड्या बहिणी वाटतात. उंच मडगार्ड, अरुंद लांब सीट, पुढे २१ इंची मोठं चाक, ठोकळे उठलेले टायर. पण दोघींचा जन्म वेगळ्या कामासाठी झाला आहे. मोटोक्रॉस ही मातीच्या बंदिस्त मार्गावरची शर्यत. जागतिक स्पर्धेत एक फेरी तीस मिनिटं आणि वर दोन चकरा एवढीच चालते. तेवढ्या वेळात गाडीने सगळा जीव काढायचा, मग ती उभी करून खोलायची, तपासायची, पुसायची. ट्रेल गाडीचं काम सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी येण्याचं आहे. मधे ओढा लागेल, खडक लागेल, गाव लागेल, पेट्रोल पंप लागेल, पोलीसही लागतील; या सगळ्यांतून तिने नीट जायचं. शंकरपटाची जोडी कुणी नांगराला जुंपत नाही, आणि त्यात ना जोडीचा कमीपणा असतो ना नांगराचा.

या दोन वाटा कशा फुटल्या हे थोडक्यात पाहायला हवं. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळच्या उजाड टेकड्यांवर एक शर्यत झाली. तोवरच्या मातीतल्या स्पर्धांत कौशल्याला गुण असत. इथे नियम एकच, जो आधी पोहोचेल तो जिंकला. त्या धांगडधिंग्यातून पुढे मोटोक्रॉस घडलं. १९५२ मध्ये त्याची युरोपीय स्पर्धा सुरू झाली आणि १९५७ मध्ये जागतिक. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या स्टेडियममध्ये माती आणून ढिगारे रचले गेले आणि खेळ प्रेक्षकांच्या पुढ्यात आला. त्यालाच सुपरक्रॉस म्हणतात. याच काळात मागच्या चाकाला दोन शॉकअॅब्सॉर्बरऐवजी एकच बसवण्याची बेल्जियन अभियंत्याची युक्ती यामाहाने उचलली आणि १९७३ मध्ये स्वीडनच्या हाकान आंडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. त्यानंतर चाकाची वरखाली होण्याची मर्यादा वाढतच गेली. आजच्या मोटोक्रॉस गाडीत ती ३०० मिलिमीटरच्या आसपास असते.

ट्रेलची वाट दुसरीकडून आली. १९६८ मध्ये यामाहाने डीटी-१ ही २५० सीसीच्या वर्गातली टू-स्ट्रोक गाडी अमेरिकेत आणली. तिला दिवा होता, नंबरप्लेट होती, ती कामावर नेता येत होती आणि रविवारी डोंगरात. शर्यतीत न उतरणाऱ्या साध्या माणसालाही मातीत फिरायचं असतं हे त्या गाडीने बाजाराला दाखवलं. आजच्या सगळ्या ट्रेल गाड्यांचं कूळ तिथे सापडतं.

आपल्याकडे बरीच वर्षं दोन्हींचं काम रस्त्यावरच्या गाड्यांनीच निभावलं. मातीतल्या शर्यतींसाठी येझदी, सुझुकी शोगन यांसारख्या गाड्यांचं नको ते काढून, सस्पेन्शन आणि टायर बदलून त्या उतरवल्या जात. २०११ मध्ये हिरोने इम्पल्स ही १५० सीसीची गाडी आणली. ती काळाच्या आधी आली आणि चालली नाही. २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० साधारण लाखाच्या भावात आली आणि चित्र बदललं. पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटरचं सस्पेन्शन, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची आणि तालुक्याच्या गावातही मिळणारा सुटा भाग. कॉलेजातल्या पोराच्या आवाक्यातली ट्रेल गाडी तेव्हा पहिल्यांदा बाजारात टिकली. २०२५ मध्ये तिची पाण्याने थंड होणारी २१० सीसीची बहीण आली. कावासाकीची केएलएक्स २३० आणि केटीएमची ३९० एन्ड्युरो आर याही आता रस्त्यावर नोंदता येणाऱ्या गाड्या म्हणून मिळतात.

मोटोक्रॉसच्या बाजूला कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या गाड्या इथे विकल्या जातात. सुझुकीने २०१८ मध्ये आरएम-झेड २५० आणि ४५० सात ते साडेआठ लाखांच्या दरम्यान आणल्या होत्या. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. परदेशी आणि भारतीय खेळाडू एकाच मातीत उड्या मारताना मराठी प्रेक्षकाने मोबाइलवर नाही, समोर पाहिले. त्याच महिन्यात डकार रॅलीत हिरोच्या संघाचा रॉस ब्रँच एकंदर दुसरा आला आणि केरळच्या हरिथ नोआने रॅली-२ गटात पहिला क्रमांक मिळवला. त्याआधी २०१५ मध्ये बंगळूरचा सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला होता. पोरांच्या डोक्यात मातीची हवा शिरली असेल तर त्याला अशी खरी कारणं आहेत. फक्त एक लक्षात ठेवावं. डकारची गाडी लांब पल्ल्याची रॅली गाडी असते आणि बालेवाडीची गाडी सुपरक्रॉसची. आपल्या शिवारातून फिरणारी गाडी या दोन्हींहून निराळी.

आता यंत्राकडे येऊ. पुस्तिकेत प्रत्येक भागावर स्वतंत्र प्रकरण आहे. इथे मुख्य फरक तेवढे मांडतो.

पहिला फरक इंजिनाच्या स्वभावाचा. २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी चाळीसेक अश्वशक्ती देते, पण ती ताकद इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर असते. तिचं कॉम्प्रेशन १३:१ च्या पुढे जातं, गिअर एकमेकांना चिकटून असतात आणि थ्रॉटल दिला की गाडी उसळते. एक्सपल्ससारखी ट्रेल गाडी त्याच्या निम्मीही ताकद देत नाही, पण जी देते ती खालच्या फेऱ्यांवर देते. खडकाळ चढावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, माणसाच्या चालीने जाता येणं हा तिचा गुण. कंधार-मुखेडकडच्या बालाघाटाच्या उतारांवर हाच गुण कामाला येतो. तिथे वेग लागत नाही. गाडी बंद न पडता पुढे सरकत राहणं लागतं.

दुसरा फरक उष्णतेचा, आणि तो आपल्याकडे फार मोलाचा आहे. मोटोक्रॉस गाडीला रेडिएटर असतो, पण त्यामागे बहुधा पंखा नसतो, कारण ती सतत वेगात असेल आणि वारा आपोआप मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांवर असताना अशी गाडी पांदणीत बैलगाडीच्या मागे रांगत चालवली तर पाणी उकळून बाहेर येतं. ट्रेल गाडी हवेने किंवा तेलाने थंड होते, आणि पाण्याने होणारी असली तर तिला पंखा असतो. हळू चालण्यासाठीच ती घडवलेली आहे.

तिसरा फरक सस्पेन्शनचा. मोठ्या उडीवरून खाली येताना तळ आपटू नये म्हणून मोटोक्रॉसच्या स्प्रिंगा कडक असतात. याच गाडीवर सावकाश दगड-गोट्यांतून गेलं तर प्रत्येक खडा मनगटात लागतो आणि पुढचं चाक दगडावरून घसरून बाजूला पळतं. ट्रेलचं सस्पेन्शन मऊ असतं, दगडावर चाक टेकून राहतं. मोठी उडी मारली तर मात्र ते तळ गाठतं. म्हणजे चुकीची गाडी घेणारा, जे करायचंच नाही त्यासाठी पैसे देत असतो किंवा मार खात असतो.

चौथा फरक वजनाचा आणि उंचीचा, आणि इथे मोटोक्रॉसचं पारडं निर्विवाद जड आहे, किंवा हलकं म्हणा. ती १०५ ते ११० किलोची असते. एक्सपल्स २०० दीडशेच्या पुढे जाते. चिखलात आडवी झालेली गाडी दहाव्यांदा उचलताना हा फरक कंबरेला कळतो. पण मोटोक्रॉसची सीट ९५० मिलिमीटरच्या आसपास असते, एक्सपल्सची ८२३. साधारण उंचीच्या माणसाचा मोटोक्रॉसवर एका बाजूचा चवडाच टेकतो. धावत्या शर्यतीत पाय टेकावा लागत नाही, पण ओढ्यात मधेच थांबायची वेळ आली की टेकावाच लागतो.

उरलेले फरक कागदावर किरकोळ दिसतात. मोटोक्रॉसला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही, स्टँड बहुधा नाही. टाकी सहा-सात लिटरची. मागचं चाक १९ इंची, कारण कमी उंचीचा टायर वळणावर कमी लवचतो. ट्रेलचं मागचं चाक १८ इंची, कारण जाड टायर दगडाचा मार सोसतो. बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात हा जाड टायरच माणसाला घरी आणतो.

यंत्राइतकाच, कदाचित थोडा अधिक, विचार जमिनीचा करावा लागतो. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे बहुतांशी दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेले आहेत. त्या खडकाचं विघटन होऊन खोऱ्यांत काळी कापसाची जमीन झाली आणि उंचवट्यांवर मुरूम उरला. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून तिला हातभर भेगा पडतात. पावसाळ्यात या मातीत गाडी घातली की टायरच्या ठोकळ्यांमधली जागा भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि मडगार्ड खाली असेल तर चिखल तिथे दाबून बसून पुढचं चाक अडकतं. जगातली कुठलीही गाडी या मातीत जुलै महिन्यात चालत नाही, मोटोक्रॉसही नाही आणि ट्रेलही नाही. चाळीस अश्वशक्ती असली तर ती अधिक खोल रुतते एवढंच.

मुरमाच्या माळाचं उलटं आहे. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या दिवसात पाणी उतरतं, धूळ बसलेली असते आणि टायर छान पकड घेतो. लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यातले माळ ट्रेल गाडीला जणू नेमून दिले आहेत. उत्तरेकडे किनवट-माहूरच्या सातमाळा रांगांत सागवानी जंगल आहे, सैल दगडांचे चढ आहेत. दक्षिणेला उदगीर ओलांडून बिदरकडे गेलं की जांभ्या दगडाची तांबडी जमीन लागते. गोदावरीच्या आणि मांजरेच्या पात्रांत वाळू असते. तिथे वजन मागे टाकून वेग धरून ठेवावा लागतो आणि हलकी गाडी खरोखर सोपी जाते. पण वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि विष्णुपुरीच्या शंकर सागर जलाशयाचं पाणी हटल्यावर उघडा पडणारा गाळ वरून वाळलेला, आत लोण्यासारखा असतो. नदीत उतरण्याआधी पायी चालून बघणं हा पुस्तिकेतला पहिला धडा आहे, तो याचसाठी.

या सगळ्या जमिनींत एक साम्य आहे. त्या सलग, बंद आणि राखलेल्या नाहीत. एका तासात काळी माती, मुरूम, ओढा, डांबर आणि गावातला सिमेंट रस्ता असा सगळा बदल होतो. मोटोक्रॉसची गाडी एका ठरावीक मार्गाच्या हिशेबाने बसवली जाते. अशा मिश्र वाटेवर तिची निम्मी कौशल्यं निरुपयोगी आणि उरलेली त्रासदायक ठरतात.

आता कायदा. इथे बहुतेक तरुणांचा समज चुकीचा असतो. ते म्हणतात, आम्ही कुठे रस्त्यावर नेतोय, शेतातच चालवतोय. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ३९ नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणीच नव्हे, इतरत्रही चालवायला मनाई करतं, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कुठलीही वाट किंवा जागा. गावनकाशावरची पांदण त्यात येते, नदीकडे जाणारी गाडीवाट येते. मोटोक्रॉस गाडीला एमएच-२६ काय, एमएच-२४ काय, कुठलाच क्रमांक मिळत नाही, कारण ती रस्त्यासाठी मंजूरच झालेली नसते. ती चालवायची ती बंदिस्त मैदानावरच. तिथवर ती टेम्पोत किंवा ट्रॉलीत घालून न्यावी लागते. पांदणीत शेळीला किंवा म्हाताऱ्या माणसाला धक्का लागला, तर विमा नसलेल्या गाडीच्या मालकाला भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल. मुलगा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ प्रमाणे पालकांवर तुरुंगवासापर्यंतची कारवाई होऊ शकते. ट्रेल गाडीच्या मालकालाही एक सूचना: आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर काढून टाकून तीच गाडी डांबरावर नेली तर ती कायदेशीर राहत नाही. आणि नोंदलेल्या गाडीचा नेहमीचा विमाही शर्यतीत उतरल्यावर लागू होत नाही.

जुनी मोटोक्रॉस स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी आयातीची आणि जकातीची कागदपत्रं आधी मागावीत. कागद नसलेली गाडी उद्या विकताही येत नाही.

पैशाचा हिशेब दुकानाच्या किमतीवर संपत नाही. ट्रेल गाडीचा हिशेब किलोमीटरमध्ये होतो, मोटोक्रॉसचा तासांमध्ये. म्हणून तिच्यावर अवरमीटर बसवतात. काही तासांच्या वापरानंतर इंजिन ऑइल बदलायचं, प्रत्येक फेरीनंतर फोमचा एअर फिल्टर धुऊन, तेल लावून घालायचा, व्हॉल्व्हचं अंतर तपासायचं, आणि जोरात वापरली तर काही डझन तासांत पिस्टन नवा घालायचा. आठवड्याला दोन तास चालवणाऱ्याला वर्षातून एकदा तरी इंजिन उघडावं लागतं. सुटे भाग मागवून घ्यावे लागतात आणि ते बसवणारा हात नांदेडच्या साध्या गॅरेजात मिळेलच असं नाही. ज्याला स्वतः पाना धरायला आवडतं त्याच्यासाठी हे शिक्षण आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा क्वचित मिळेल. ज्याला फक्त चालवायला आवडतं त्याच्या घरी ही गाडी वर्षातले बरेच महिने ताडपत्रीखाली उभी राहते.

ट्रेललाही निगा लागतेच. फुफाट्यातून आल्यावर एअर फिल्टर बघणं, साखळीचा चिखल धुणं, स्पोक ताणून घेणं, हेडच्या बेअरिंगचा खडखडाट ऐकणं एवढं केलं तरी गाडी वर्षानुवर्षं साथ देते. गाडीवर खर्च करण्याआधी बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, आयएसआय खुणेचं हेल्मेट आणि गॉगल यांचे पैसे बाजूला काढावेत असं ही पुस्तिका वारंवार सांगते. मातीत माणूस पडतोच. चपलेवर माळ फिरणाऱ्यांची पावलं घोट्यात मोडतात, आणि मोडताना गाडीचा प्रकार विचारला जात नाही.

मग मोटोक्रॉस कुणी घ्यावी? हा प्रश्न टाळणं अन्यायाचं होईल, कारण त्या गाडीवर जे शिकता येतं ते दुसरीकडे शिकता येत नाही. उभं राहून वजन पुढे-मागे कसं न्यायचं, मागच्या चाकाने वळण कसं घ्यायचं, हवेत गाडी कशी सांभाळायची, सुरुवातीच्या दोन सेकंदांत पुढे कसं निघायचं, ही विद्या मैदानावरच येते. ज्याचं वय लहान आहे, घरची साथ आहे, पुणे किंवा बंगळूरसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण मैदानावर नियमित जाता येतं, आणि देशाच्या मोटरस्पोर्ट्स फेडरेशनच्या मान्यतेच्या स्पर्धेत परवाना काढून उतरायचं ठरलं आहे, त्याने ट्रेलवर पैसे घालवू नयेत. त्याने लहान क्षमतेची मोटोक्रॉस घ्यावी आणि तिच्यावर पुरेसा घाम गाळूनच मोठीकडे जावं. थेट ४५० घेणाऱ्या नवशिक्याला ती गाडी शिकवत नाही, घाबरवते.

दोन्हींच्या मधली वाटही आहे. एन्ड्युरो गाडी मोटोक्रॉसच्या सांगाड्यावर बांधलेली असते, पण तिला दिवा असतो, १८ इंची मागचं चाक असतं, गिअर दूर-दूर असतात. बाजारातल्या काही ट्रेल गाड्याही त्या दिशेने सरकल्या आहेत. एक्सपल्स २०० च्या प्रो प्रकारात पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटरचं सस्पेन्शन आहे आणि सीट ८९१ मिलिमीटरवर गेली आहे. ट्रेलवर दोन-तीन हंगाम फिरून ज्याला आणखी काही हवंसं वाटतं त्याने तिकडे वळावं. सुरुवातच तिथून केली तर उंचीशी भांडण्यातच शिकण्याचे दिवस जातात.

शेवटी एक मुद्दा, जो गाड्यांच्या पुस्तकांत सहसा नसतो आणि आपल्या भागात सगळ्यांत महत्त्वाचा आहे. माळ ओसाड दिसतो, पण तो कुणाचा तरी असतो. जून ते ऑक्टोबर सोयाबीन आणि कापूस उभा असतो, पुढे तूर, हरभरा, ज्वारी आणि अर्धापूरकडे हळद. ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजी पांदणीच्या कडेला लागतात आणि दाणे रस्त्यावर वाळत असतात. मोटोक्रॉसच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी बहुधा नसते. वाळक्या गवताजवळ एक ठिणगी वर्षाचं उत्पन्न जाळायला पुरते. माळावर मेंढपाळांचे कळप असतात, काळविटं असतात, टिटवीची अंडी उघड्या खड्यांत असतात. किनवटकडचं पैनगंगा अभयारण्य वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. परवानगीशिवाय तिथे गाडी घालणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा.

आवाजाचाही विचार करावा. मोटोक्रॉसचा आवाज दोन शिवारांपलीकडे जातो. पांदण रस्त्यांसाठी राज्य सरकारला मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आखावी लागली, एवढं या वाटांवर शेतकऱ्याचं जगणं अवलंबून आहे. त्या वाटा उखडणाऱ्या पोरांना गाव एकदा सहन करतं, दुसऱ्यांदा काठी घेऊन उभं राहतं, आणि त्यानंतर सावकाश जाणाऱ्यालाही तिथे वाट मिळत नाही. शांत सायलेन्सरची, नंबरप्लेट असलेली, माणूस दिसताच वेग कमी करणारी गाडी गावाला परकी वाटत नाही. ट्रेलची शिफारस करताना माझ्या मनात यंत्राइतकंच हेही कारण आहे.

पुढच्या प्रकरणांत गाडीची उंची कशी मोजायची, जुनी गाडी कशी तपासायची, सस्पेन्शन स्वतःच्या वजनाला कसं लावून घ्यायचं, चढ, उतार, वाळू आणि पाणी यांत अंग कसं ठेवायचं, पंक्चर स्वतः कसं काढायचं आणि अपघात झाल्यास पहिल्या तासात काय करायचं हे क्रमाने आलं आहे. पुस्तिका एका बैठकीत वाचण्याची गरज नाही. गाडी घ्यायची असेल तर पहिली तीन प्रकरणं आधी वाचा, गाडी दारात असेल तर निगेचं प्रकरण उघडून गाडीजवळ बसा.

वाचकाला एवढंच सांगणं आहे. दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: गाडी नेमकी कोणत्या जमिनीवर चालवणार, ती जमीन कुणाची, आणि तिथवर गाडी कशी नेणार. तिन्हींची उत्तरं देता आली आणि त्यांत 'मैदान' हा शब्द आला, तर मोटोक्रॉस घ्या आणि मनापासून शिका. नाही आला, तर ट्रेल घ्या, बूट घ्या, आणि पहिल्या पावसानंतर मुरमाचा माळ गाठा. मात्र तिथल्या शेतकऱ्याला आधी विचारून.

विष्णुपुरी, नांदेड